घरचा सर्व्हर घरातूनच का दिसत नाही?

भोरहून महाडला वरंधा घाटाने गेलेल्यांना हेअरपिन वळण समजावून सांगायला नको. गाडी जिथून आली, जवळपास तिकडेच तोंड करून वळते. घरातल्या राउटरमध्येही असं एक वळण असतं आणि त्याचं नावही हेअरपिनच. समजा, भोरमधल्या दुकानदाराने जुन्या संगणकावर मालाच्या यादीचं पान चालू ठेवलंय. पुण्यातला मुलगा ते मोबाइलवर उघडतो, घरात बसलेल्या वडिलांना मात्र दिसत नाही. घोळ बहुधा याच वळणावर होतो.

‘सर्व्हर बंद पडलाय’ हा पहिला गैरसमज. पुण्यात दिसतोय म्हणजे तो चालू आहे. सर्व्हरचा घरातला पत्ता १९२.१६८.१.१० आणि वडिलांच्या लॅपटॉपचा १९२.१६८.१.२० धरू. लॅपटॉप घराच्या बाहेरच्या, म्हणजे पब्लिक पत्त्यावर मागणी पाठवतो. राउटर ती सर्व्हरकडे वळवतो (यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात), पण पाठवणाऱ्याचा पत्ता तसाच ठेवतो. सर्व्हर बघतो, हा तर घरातलाच! मग राउटरला वगळून तो थेट लॅपटॉपला उत्तर देतो. विचारलं एकाला, बोलला दुसराच. लॅपटॉप ते उत्तर टाकून देतो. राउटरने मध्ये स्वतःचा पत्ता लावला, तर उत्तर त्याच्याच हातून परत येतं आणि पान उघडतं. पत्ते बदलण्याच्या कामाला नॅट म्हणतात; हे त्यातलं हेअरपिन नॅट, किंवा नॅट लूपबॅक. यूडीपी या प्रकारच्या संदेशांसाठी ते आवश्यक असल्याचं आरएफसी ४७८७ या इंटरनेटच्या नियमपत्राने २००७ सालीच सांगितलं, तरी सगळे राउटर ते करत नाहीत. काही तर आपलंच लॉगिन पान पुढे करतात.

‘फायरवॉल बंद करून टाका’ हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो आणि तो वाईट आहे. विंडोजमध्ये घरच्या वायफायवर ‘पब्लिक’चा शिक्का असेल, तर तो ‘प्रायव्हेट’ करून हवं तेवढं एकच पोर्ट उघडावं. सर्व्हरचा प्रोग्रॅम फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच संगणकापुरता ऐकत असेल, तर फायरवॉल काढूनही शेजारच्या खोलीत काही दिसणार नाही.

घरातल्या घरात पोर्ट फॉरवर्डिंगही लागत नाही. ब्राउझरमध्ये थेट १९२.१६८.१.१० टाकायचं. हा पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो त्या संगणकासाठी राखून ठेवायचा. नावच हवं असेल, तर राउटरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नाव-पत्त्यांच्या यादीत नोंद करावी. लॅपटॉपवरच्या होस्ट्स फाइलनेही भागतं, पण तोच लॅपटॉप पुण्याला गेला की ती नोंद आडवी येते.

आणखी एक. राउटरवर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर पब्लिक पत्ता तुमच्या एकट्याचा नाही. इंटरनेट कंपनीने तो अनेक घरांत वाटलाय. आयपीव्ही४ चे पत्तेच मुळात सुमारे ४३० कोटी. अशा जोडणीवर तुमच्या राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग बाहेरच्यांच्या उपयोगाचं नाही.

पावसाळ्यात इंटरनेटची लाइन तुटली, तरी वीज आणि राउटर चालू असेपर्यंत १९२.१६८.१.१० वरचं पान घरात उघडतंच.