छायाचित्रांच्या बाजाराचे माप

कलात्मक छायाचित्रांचा बाजार केवढा मोठा आहे, हा प्रश्न वरवर पाहता गुळाच्या बाजाराविषयी विचारावा तसा सोपा वाटतो. गूळ बाजार समितीच्या आवारात येतो, सौदा निघतो, वहीत नोंद होते. वर्षअखेरीस बेरीज केली की उलाढाल समजते. छायाचित्रांची अशी एक वही जगात कोठेही नाही. तरीही या बाजाराचे आकडे अब्जावधी डॉलरांत सांगणारी पत्रके निघतात आणि ती वाचून कोणी आपली शिल्लक छायाचित्रांत घालतो, तर कोणी चालती नोकरी सोडून कॅमेरा खांद्याला लावतो. म्हणून असा आकडा तयार कसा होतो, हे आम्ही येथे उकलून पाहणार आहोत.

या बाजाराचा उघडा भाग म्हणजे लिलाव. तेथील भाव छापून येतात, म्हणून मोजणारा प्रथम तिकडे वळतो. पण तेथेही खाचखळगे आहेत. मान रे यांचे १९२४ सालचे ‘ल व्हायोलाँ दँग्र’ हे छायाचित्र मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे १ कोटी २४ लाख डॉलरला गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडवर्ड स्टायकन यांचे ‘द फ्लॅटआयर्न’ तेथेच सुमारे १ कोटी १८ लाखांना विकले गेले. आता गंमत अशी की, यांतले एकही छायाचित्रांच्या लिलावात विकले गेले नाही. पहिले होते एका दांपत्याच्या अतिवास्तववादी संग्रहात, दुसरे पॉल अॅलन यांच्या संग्रहात, नामांकित तैलचित्रांच्या पंक्तीला. आंद्रेआस गुर्स्की यांचे ‘ऱ्हाईन २’ २०११ साली ४३ लाख ३८ हजार ५०० डॉलरला गेले, तेही समकालीन कलेच्या लिलावात. म्हणजे केवळ ‘छायाचित्रे’ असे शीर्षक असलेल्या लिलावांची बेरीज करावी तर शिखरच निसटते. आणि शिखर धरावे तर २०२२ सालच्या हिशेबात दोन कागदांचेच २ कोटी ४२ लाख डॉलर येऊन बसतात. तेवढ्यावरून बाजार वाढला म्हणणे म्हणजे दोन सावकार राहावयास आले म्हणून सारा गाव श्रीमंत झाला म्हणण्यासारखे आहे.

झाकलेला भाग याहून मोठा. आर्ट बाझल आणि यूबीएस यांच्या अहवालात २०२४ सालची जगातील एकूण कलाविक्री सुमारे ५,७५० कोटी डॉलर धरली आहे आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग कलाविक्रेत्यांच्या दालनांतून झालेला आहे. हा भाग विक्रेत्यांना प्रश्नावल्या पाठवून अजमावतात. उत्तर देणे कोणाला बंधनकारक नाही, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, हे दालनवाल्याला कोणी शिकवावयास नको! २०१४ साली पीटर लिक यांचे एक छायाचित्र खाजगी व्यवहारात ६५ लाख डॉलरला गेल्याचे जाहीर झाले. खरीददाराचे नाव मात्र गुलदस्तात राहिले. ही रक्कम बेरजेत घ्यावी की वगळावी? एक मोजणारा घेतो, दुसरा वगळतो, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत.

मग लिलावाच्या आकड्याला दुपटीने वा तिपटीने गुणून एकूण बाजार काढण्याची युक्ती योजतात. आमच्या मते ती तैलचित्रांना जेवढी लागू पडते तेवढीही येथे पडत नाही. कारण छायाचित्र एकाच निगेटिव्हवरून अनेकदा छापता येते. स्वस्त प्रती कलादालनात, प्रदर्शनात, छायाचित्रकाराच्या घरीच विकल्या जातात आणि लिलावाचे तोंडही पाहत नाहीत.

अन्सेल अॅडम्स यांचे १९४१ सालचे ‘मूनराइज, हर्नांडेझ’ घ्या. त्यांनी आयुष्यभरात अंधारखोलीत उभे राहून त्याच्या १३०० हून अधिक प्रती काढल्या. त्यांतली सुरुवातीच्या काळातील एक २००६ साली ६ लाख ९ हजार ६०० डॉलरला गेली. या दोन संख्यांचा गुणाकार केला तर एकट्या या छायाचित्राचे मोल ७९ कोटी डॉलरांवर जाते. हे उत्तर गणिताने बरोबर आणि व्यवहाराने निरर्थक आहे. जुनी प्रत वेगळी, मागाहून काढलेली वेगळी. दुसरीला पहिलीच्या भावाचा लहानसा अंशच मिळतो. शिवाय साऱ्या प्रती एकदम विकावयास काढल्या तर तो भाव राहील कोठून? घरात असलेली वस्तू ही संपत्ती. वर्षभरात हात बदलून गेलेली वस्तू ही उलाढाल. पत्रके लिहिणारे या दोहोंची सरमिसळ फार सहज करतात. ‘ऱ्हाईन २’च्या तर सहाच प्रती आहेत, आणि त्यांतल्या काही लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आहेत. त्या बाजारात जवळजवळ कधीच यावयाच्या नाहीत.

होतकरू छायाचित्रकाराला यांतले कोणतेही आकडे फारसे उपयोगी नाहीत. त्याने आपल्यापुरता हिशेब मांडावा. समजा, त्याने एका चित्राच्या दहाच प्रती काढावयाचे ठरवले आणि प्रत्येकीची किंमत वीस हजार रुपये ठेवली. दालनवाले बहुधा निम्मी रक्कम ठेवून घेतात. दहाही प्रती खपल्या तर त्याच्या हाती एक लाख, तीन खपल्या तर तीस हजार. त्यातून कागद, छपाई आणि चौकट वजा. चौकटीचा खर्च विक्रीपूर्वीच करावा लागतो. तेव्हा पहिला प्रश्न हा की, आपल्या शहरात वीस हजार देऊन भिंतीवर छायाचित्र लावणारी माणसे किती, आणि त्यांतली किती पुन्हा दुसऱ्यांदा येतील. एखाद्या दालनाच्या मालकाशी तासभर बोलले तर याचे उत्तर बरेचसे मिळते.