पडद्यावरची बिजागरी

दाराची बिजागरी आपल्या रोजच्या परिचयाची. संगणकावर यंत्र आखणाऱ्याला मात्र ती शब्दशः सांगावी लागते. मोकळ्या वस्तूच्या हालचाली 6: तीन दिशांना सरकणे, तीन आसांभोवती फिरणे. बिजागरी त्यांतल्या 5 रोखते, फिरण्याची 1 ठेवते. खांद्यासारख्या उखळीच्या सांध्यात 3 उरतात. येथवर हिशेब चोख. पण फिरण्याची हद्द घातली नाही, तर पडद्यावरचे दार खुशाल भिंतीतून आरपार जाते! टक्कर तपासण्याची सोय असते. ती बहुधा मुद्दाम चालू करावी लागते. शिवाय तेथे झीज नाही, ढिलाई नाही, आणि कामगाराची बोटे तर नाहीतच. म्हणून पॉवर प्रेस आखताना रॅम आणि डाय यांच्यामध्ये हाताचेही माप मांडा, संरक्षक जाळी त्याच चित्रात बसवून पाहा, एवढे आम्ही आखणाऱ्यांपाशी मागतो.