शहरं घडवणारे कायदे (लेखांक ६) : वाढलेली किंमत कोणाची?

मागच्या लेखांकात आपण एबनेझर हॉवर्डच्या लेचवर्थ आणि वेल्विन या दोन उद्याननगरांपाशी थांबलो होतो. लेचवर्थ १९०३चं, वेल्विन १९२०चं. दोन्ही खाजगी कंपन्यांनी उभारलेली आणि दोन्हींना पैशाची कायम चणचण. हॉवर्डचा हिशेब मात्र पक्का होता. जमीन शेतीच्या भावाने एकगठ्ठा घ्यायची, तिच्यावर शहर वसवायचं आणि शहरामुळे जमिनीची जी किंमत वाढेल ती त्याच शहराच्या रस्त्यांसाठी, शाळांसाठी, बागांसाठी वापरायची. अडलं होतं भांडवलापाशी, आणि जमीन विकायला तयार नसलेल्या मालकापाशी. ब्रिटिश संसदेने १९४६ साली केलेल्या न्यू टाउन्स अ‍ॅक्टने या दोन्ही अडचणी सोडवल्या. पैसा सरकारने दिला आणि सक्तीने जमीन घेण्याचा अधिकारही.

युद्धाशिवाय हे घडलं असतं असं मला वाटत नाही. लंडन प्रमाणाबाहेर फुगलं आहे, उद्योग आणि माणसं बाहेर हलवली पाहिजेत, असं बार्लो आयोगाने १९४०मध्येच सांगितलं होतं. मग बॉम्बहल्ल्यांत लाखो घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. पॅट्रिक अ‍ॅबरक्रॉम्बीने १९४४च्या बृहत् लंडन आराखड्यात शहराभोवती हरित पट्टा आणि त्यापलीकडे स्वतंत्र नवी गावं सुचवली. १९४५मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं. नगररचना मंत्री लुईस सिल्किन यांनी बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अंतिम अहवाल येण्याआधीच विधेयक संसदेत मांडलं गेलं आणि १ ऑगस्ट १९४६ रोजी त्याचा कायदा झाला.

कायद्याची यंत्रणा सोपी आहे, म्हणूनच ती पुढे जगभर नेता आली. मंत्री एक क्षेत्र नव्या शहरासाठी जाहीर करतो. हरकती आल्या तर सुनावणी होते. मग त्या क्षेत्रापुरतं एक विकास महामंडळ नेमलं जातं: अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि जास्तीत जास्त सात सदस्य. सगळे मंत्र्याने नेमलेले, मतदारांनी निवडलेला त्यात एकही असण्याची गरज नाही. जमीन घेणं, आराखडा करणं, घरं आणि कारखान्यांच्या इमारती बांधणं, त्या भाड्याने देणं, हे सगळं महामंडळाच्या हाती. पैसा सरकारी तिजोरीतून, तोही अनुदान म्हणून नव्हे, साठ वर्षांत सव्याज फेडायचं कर्ज म्हणून.

कर्ज फेडायचं कशातून? कायद्याचं खरं मर्म या प्रश्नात आहे. ते फेडायचं भाड्यातून, म्हणजे शेवटी जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून. त्यासाठी मूळ खरेदी स्वस्तात होणं भाग होतं. १९४७च्या नगररचना कायद्याने जमीन विकसित करण्याचा हक्कच सरकारकडे घेतला आणि नुकसानभरपाई चालू वापराच्या किमतीवर बांधून टाकली. शेतजमिनीला शेतजमिनीचाच भाव. १९५९मध्ये बाजारभाव परत आला, तरी नव्या शहराच्या योजनेमुळेच झालेली भाववाढ भरपाईत धरायची नाही, हे तत्त्व टिकलं. शहर आलं म्हणून जमीन सोन्याची झाली असेल, तर ते सोनं शहराचं. हे तत्त्व मला आजही न्याय्य वाटतं. पण ते ज्याच्या शेतावर उभं राहतं त्याला काय वाटलं, हेही बघायला हवं.

लंडनच्या उत्तरेला तीसेक मैलांवरचं स्टीव्हनेज हे सुमारे सहा हजार वस्तीचं जुनं गाव. तिथे साठ हजारांचं शहर करायचं ठरलं होतं. ६ मे १९४६ रोजी सिल्किन स्वतः तिथे सभेला गेले. लोकांनी हुर्यो उडवली. ओरडून उपयोग नाही, हे होणारच आहे, अशा अर्थाचं उत्तर मंत्र्यांनी दिलं. बाहेर त्यांच्या मोटारीच्या चाकांतली हवा सोडून दिलेली होती. पुढे कोणीतरी रेल्वे स्टेशनची पाटी बदलून तिथे ‘सिल्किनग्राड’ असं लावलं, म्हणजे हा स्टॅलिनी कारभार आहे. ई. एम. फॉर्स्टर यांचं बालपण या परिसरात गेलं होतं, त्यांनीही या योजनेविरुद्ध आवाज उठवला. हरकतींवर सुनावणी झाली आणि ११ नोव्हेंबरला स्टीव्हनेज पहिलं नवं शहर म्हणून जाहीर झालं.

गावकरी कोर्टात गेले. कायदा होण्याआधीच ज्या मंत्र्याने ‘हे होणारच’ असं जाहीर केलं, तो हरकती मोकळ्या मनाने कशा ऐकणार, हा त्यांचा प्रश्न. खालच्या न्यायालयाने तो मान्य केला, अपील न्यायालयाने निकाल फिरवला आणि १९४७मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मंत्र्याची बाजू उचलून धरली. मंत्र्याचं हे काम निव्वळ प्रशासकीय आहे, अहवालाचा खरोखर विचार करणं एवढंच त्याच्यावर बंधन, न्यायाधीशासारखी निःपक्षता त्याच्याकडून अपेक्षित नाही, असा तो निकाल. फ्रँकलिन खटला म्हणून आपल्याकडचे कायद्याचे विद्यार्थीही तो वाचतात. शहर उभं राहावं हे मला पटतं, हा निकाल पटत नाही. हरकत ऐकायची तर ती उपचार म्हणून ऐकू नये.

१९४६ ते १९५० या काळात चौदा शहरं जाहीर झाली. हार्लो, क्रॉली, हेमेल हेम्पस्टेडसह आठ लंडनभोवती, बाकीची ईशान्य इंग्लंडच्या कोळसापट्ट्यात, कॉर्बीत, वेल्समध्ये आणि स्कॉटलंडमध्ये. पहिली चार वर्षं सिमेंट-लाकडाच्या टंचाईत गेली. मग मात्र दाटीच्या खोल्यांतून आलेल्या कामगार कुटुंबांना स्वतःचं न्हाणीघर, परसबाग आणि सायकलच्या अंतरावर नोकरी मिळाली. लंडनभोवतीच्या शहरांत घर साधारणपणे ज्याला तिथे काम मिळालं त्यालाच दिलं जाई. हुजूर पक्ष सत्तेवर आला तरी ही शहरं त्याने मोडीत काढली नाहीत.

चूक झाली ती शेवटाला. काम पुरं झाल्यावर मालमत्ता त्या शहराच्या निवडून आलेल्या कौन्सिलकडे जाईल, अशी सुरुवातीची कल्पना होती. १९५९च्या कायद्याने ती एका वेगळ्या आयोगाकडे वळवली. भाड्याची घरं १९७०च्या दशकात कौन्सिलांना मिळाली, पण दुकानं, कारखाने, कचेऱ्या यांची पुढे विक्री झाली आणि पैसा सरकारी तिजोरीत गेला. वाढलेली किंमत शहराची, हे हॉवर्डचं तत्त्व तिथे गळालं. दुरुस्तीला आलेल्या इमारती मात्र शहराकडेच राहिल्या.

हे सगळं आपल्याला दूरचं नाही. महाराष्ट्राच्या १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातलं कलम ११३ वाचा. अधिसूचना, नवनगर विकास प्राधिकरण, भूसंपादन, सारा सांगाडा ओळखीचा वाटेल. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलेली नव्या मुंबईची कल्पना १९७०मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने याच कलमाखाली अंमलात आणली. खर्चाचं सूत्रही तेच: शेतजमीन घ्या, विकसित करा, विका आणि त्यातून शहर उभं करा. तेव्हा शेतकऱ्याने विचारलं, वाढलेल्या किमतीत माझा वाटा किती? दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यात जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ब्रिटिश कायद्यात नसलेली ही तरतूद आगरी-कोळी शेतकऱ्यांनी रक्त सांडून मिळवली, आणि माझ्या मते या कायदेपरंपरेत भारताने घातलेली ती सर्वांत मोलाची भर आहे.

२०२४मध्ये याच कलमाखाली उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं नव्या शहरासाठी अधिसूचित झाली आहेत. त्या गावांतल्या वाचकांना विनंती, अधिसूचना मुळातून वाचा आणि हरकत नोंदवताना फक्त भाव मागू नका. शहर वसल्यावर वाढलेली किंमत कोणाच्या खात्यात जमा होणार, हे लेखी मागा.