चांदीच्या नाण्यावर चेहरा कोणाचा?

वरणगावात मध्यंतरी आमच्या वस्तीत वर्गणीची वही फिरली. एका हयात पुढाऱ्याच्या वाढदिवसाला त्याचा चेहरा असलेली चांदीची नाणी पाडून घ्यायची होती. वही आली तीही नेमकी पगाराच्या आठवड्यात. आकडा घालण्यापूर्वी आम्ही चार घरची माणसे एकत्र बसलो. जे बोलणे झाले ते वाचकांपुढे ठेवतो.

सराफाकडे पाडलेला तुकडा म्हणजे पदक, नाणे नव्हे. नाणे पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. खऱ्या नाण्यावर अशोकस्तंभाचे सिंह, ‘सत्यमेव जयते’ आणि किंमत असते. पदकाला मोल फक्त चांदीच्या वजनाचे. मोडायला गेले की घडणावळ बुडते आणि चेहऱ्याचे कोणी काही देत नाही.

गांधीजींचे दहा रुपयांचे चांदीचे नाणे निघाले ते १९६९ साली, जन्मशताब्दीला. बाबासाहेबांचे एक रुपयाचे नाणे १९९० साली आले, महापरिनिर्वाणानंतर ३४ वर्षांनी. पुढे ६ डिसेंबर २०१५ रोजी १२५ रुपयांचे नाणे निघाले. त्याचे वजन ३५ ग्रॅम आणि त्यात निम्मी चांदी. हा मान काळाच्या कसोटीला उतरल्यावर मिळाला.

अमेरिकेत १९२६ साली स्वातंत्र्याला दीडशे वर्षे झाली म्हणून चांदीचा अर्धा डॉलर काढला. त्यावर वॉशिंग्टन यांच्या जोडीला सत्तेवर असलेले अध्यक्ष कूलिज यांचा चेहरा होता. दहा लाखांवर नाणी पाडली, पण ती खपली नाहीत. साडेआठ लाखांहून अधिक परत वितळवावी लागली!

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. पैशाची किंमत त्यांच्याइतकी कोणाला कळली? त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते, की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हयात माणसाचा हिशेब अजून पुरा झालेला नसतो. उद्या त्याने पक्ष बदलला तर आपण ते नाणे कुठे ठेवणार?

“नाव नाही घातले आणि उद्या काम पडले तर?” एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले. भीती खोटी नव्हती. पण काम करणे हे पुढाऱ्याचे कर्तव्यच आहे, त्यासाठी चांदी कशाला?

आम्ही वही कोरी परत पाठवली. तेच पैसे पोरांच्या पुस्तकांना लावले. बंधू-भगिनींनो, तुमच्या दारी अशी वही आली तर आकडा घालण्याआधी घरातल्या शिकणाऱ्या पोराकडे एकदा बघा.