नटनट्यांच्या गप्पा आणि तळलेला खाऊ

माझी तपासणीची खोली आणि बाहेरची बाके यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत आहे. ती छतापर्यंत गेलेली नाही. त्यामुळे स्टेथोस्कोप कानात नसेल तेव्हा बाहेरचे सगळे बोलणे आत ऐकू येते. इतक्या वर्षांचा अनुभव असा, की दवाखान्यात बसलेली माणसे आपल्या दुखण्याविषयी फारसे बोलत नाहीत. ती दोनच विषयांवर बोलतात. एक म्हणजे कुठल्या नटाचे कुठल्या नटीशी जुळले किंवा मोडले, आणि दुसरा म्हणजे कुणाकडची मिसळ चांगली. या दोन विषयांवर एकमत झालेले मी आजवर ऐकलेले नाही.

पूर्वी मला याची गंमत वाटे. आता मी कान देऊन ऐकतो, कारण निम्मी औषधे कुठे वाया जातात हे या गप्पांतून कळते.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. अकरावीतली एक मुलगी आईबरोबर आली. वर्गात उभी राहिली आणि चक्कर येऊन पडली. आई म्हणाली, "डॉक्टर, हिला कोणाची तरी नजर लागलीय." मी पापणी खाली ओढून पाहिली. आतला भाग गुलाबी असायला हवा, तो कागदासारखा पांढरा. वजन ३८ किलो. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.२. तिच्या वयाला ते १२ तरी असायला हवे. खाण्यापिण्याची चौकशी केली तर ती गप्प. आईला बाहेर बसवले, तेव्हा हळूहळू बोलू लागली. सकाळी काही नाही. दुपारी डब्यातली भाकरी मैत्रिणीला द्यायची आणि स्वतः वेफर्सचे एक पाकीट. संध्याकाळी बिनदुधाची कॉफी. का, तर मोबाईलवर कुणीतरी सांगितले होते की अमुक नटी सिनेमाआधी असेच करते.

हे काही आजचे नाही. २००८ साली 'टशन' नावाचा हिंदी सिनेमा आला. त्यात करीना कपूर अगदी बारीक झालेली दिसली आणि 'साईझ झीरो' हा शब्द आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. त्या वर्षी माझ्याकडे अशा तीन-चार मुली आल्याचे आठवते. 'ती फक्त काकडी खाते', 'ती जेवतच नाही', अशी चर्चा होती. खरा प्रकार वेगळाच होता. तिच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे पुस्तक २००९ साली आले. त्यात उपाशी राहू नका, दर थोड्या वेळाने थोडे थोडे खा, घरचे साधे अन्न सोडू नका, असाच सूर आहे. म्हणजे बारीक होणारी बाई व्यवस्थित खात होती, आणि तिच्या नावाने आमच्या मुली उपाशी! चर्चेत नेमका कामाचा भाग गळून पडतो, हा तिचा गुणधर्मच आहे.

दुसरी एक गोष्ट चर्चेत कधी येत नाही. शरीर घडवणे हा या मंडळींचा धंदा आहे. आमीर खानने 'दंगल'साठी आधी वजन वाढवून प्रौढ पैलवानाचे काम केले, मग महिनोन् महिने घाम गाळून ते उतरवले आणि तरुणपणाचे प्रसंग चित्रित केले. २०१६ साली सिनेमा पडद्यावर आला तेव्हा लोकांना दोन-तीन तासांत दोन्ही शरीरे दिसली. पाठीशी शिकवणारा, स्वयंपाकी, डॉक्टर, असा सगळा फौजफाटा असतो, आणि त्या खटाटोपाचे पैसेही मिळतात. अकरावीच्या मुलीला त्याबद्दल कुणी पैसे देत नाही. तिला फक्त चक्कर मिळते.

आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना पंडुरोग आढळला. १५ ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण ५९ टक्के आहे. म्हणजे वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी. अशा मुलीने भाकरी-पालेभाजी सोडून वेफर्सवर दिवस काढला तर ती पडणार नाही तर काय होईल? वेफर्सच्या पाकिटात पोट भरल्याचा भास, तेल आणि मीठ एवढेच हाती लागते. लोह जवळजवळ नाही.

तिला मी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली, आणि एक गोष्ट आईला बजावून सांगितली: जेवण झाल्याबरोबर चहा द्यायचा नाही. चहामुळे जेवणातले लोह अंगी लागत नाही. मध्ये तास-दीड तास जाऊ द्यावा. उलट पालेभाजीवर लिंबू पिळले तर लोह चांगले शोषले जाते. मेथी, शेपू, मोड आलेली मटकी, बाजरीची भाकरी, अळीव हे सगळे आपल्याच बाजारात मिळते. मांसाहार चालत असेल तर फारच उत्तम. गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरून गोळ्या थांबवू नयेत. हे सांगितले नाही तर चौथ्या दिवशी गोळ्या खिडकीतून बाहेर जातात, हा माझा अनुभव आहे.

आता दुसरी बाजू. चर्चा नेहमी वाईटच असते असे नाही. अमिताभ बच्चनला २००० साली मणक्याचा क्षय झाला होता आणि पूर्ण औषधे घेऊन तो बरा झाला, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. क्षयाचे नाव काढले की चेहरा पडतो, सुनेला माहेरी पाठवायची भाषा सुरू होते. अशा घरात मी अमिताभचे नाव घेतो. माझ्या वैद्यकीय ज्ञानाने जे होत नाही ते त्या एका नावाने होते, आणि आजोबा म्हणतात, "मग आपल्याला व्हायला काय हरकत आहे!" तसेच २९ ऑक्टोबर २०२१ रोजी आपल्या शेजारच्या कर्नाटकातला नट पुनीत राजकुमार ४६व्या वर्षी हृदयविकाराने गेला, तेव्हा बेंगळुरूच्या हृदयविकार रुग्णालयांत तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या. माझ्याकडेही पन्नाशीच्या आतले कितीतरी पुरुष रक्तदाब मोजायला आले. त्यांतल्या काहींचा वाढलेला निघाला. मात्र त्याच गप्पांतून 'व्यायामानेच माणूस मरतो' असाही निष्कर्ष निघाला, आणि दोघा-तिघांनी सकाळचे फिरणे सोडून दिले. ते पुन्हा सुरू करायला मला सहा महिने लागले.

खाण्याच्या जाहिरातींचेही तसेच. २०१४ साली अमिताभने सांगितले होते की, जयपूरच्या एका लहान मुलीने त्याला विचारले, आमच्या बाई ज्याला विष म्हणतात त्याची तुम्ही जाहिरात का करता? त्यानंतर त्याने त्या शीतपेयाची जाहिरात थांबवली. बॅडमिंटनपटू पुल्लेला गोपीचंदने तर २००१ साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर, पैशांची गरज असतानाही, शीतपेयाची जाहिरात नाकारली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत काम करणाऱ्या नामांकित व्यक्तीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पोर दुकानात बोट दाखवते तेव्हा कायदा तिथे नसतो, आजोबा असतात, आणि आजोबा खिशात हात घालतात.

आजोबांवरून आठवले. आमच्या भागातले एक निवृत्त एस.टी. कंडक्टर. त्यांचे हृदय अशक्त आहे, पाणी उतरवण्याच्या गोळ्या चालू आहेत. दिवाळीनंतर आठव्या दिवशी रात्री दोन वाजता मुलाने रिक्षात घालून आणले. आडवे झोपवेना, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले, छातीत पाणी. वजन दिवाळीआधीपेक्षा साडेचार किलो जास्त. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिले, आणि पहाटे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. नशीब चांगले म्हणून वाचले. परत आल्यावर मला म्हणतात, "डॉक्टर, मी लाडवाला हात लावला नाही हो. फक्त तिखटच खाल्लं!"

त्यांचा काही दोष नाही. साखरेची भीती आपण लोकांच्या मनात चांगली बसवली, मिठाची बसवायची राहून गेली. मीठ अंगात पाणी धरून ठेवते. ज्याचे हृदय दमलेले आहे त्याला ते जास्तीचे पाणी ढकलता येत नाही, मग ते पायात आणि फुप्फुसात साठते. निरोगी माणसानेसुद्धा दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट एक चमचा, तोही आमटी, भाजी, भाकरी, लोणचे सगळे मिळून. शेव, चिवडा, चकली, फरसाण यांतले मीठ गोडाआड, तिखटाआड लपते. जिभेला ते तितके जाणवत नाही. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणावे. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल तर मीठ झाले २ ग्रॅम. टीव्हीसमोर बसून शंभर ग्रॅम शेव संपायला जाहिरातीचे दोन ब्रेक पुरतात. हृदयाच्या रुग्णांनी रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर सूज दिसायची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. वजनकाटा औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

लोक विचारतात, मग खायचे तरी काय? आता मी माझी मते सांगतो. वाद घालायचा असेल त्यांनी बाहेरच्या बाकावर घालावा.

गरम वडा मला खारीपेक्षा बरा वाटतो. खारी हलकी, आजाऱ्याला द्यायची वस्तू, असा आपल्याकडे एक खुळा समज आहे. ती मैदा आणि वनस्पती तूप यांचे थर असते. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅट नावाच्या घातक चरबीवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, ही चांगली गोष्ट झाली, पण म्हणून खारी पथ्याची होत नाही. वडापाव १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला असे सांगतात. तो गिरणीत दिवसभर राबणाऱ्यांचे पोट भरण्यासाठी होता. आपण तो गाडीवरून उतरून खातो आणि पुन्हा गाडीवर बसतो. आठवड्यातून एक खाल्ला तर माझी हरकत नाही, पण दुसरा पाव नको आणि वर मीठ लावलेली मिरची नको.

वड्यापेक्षा कढईकडे बघा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक द्रव्ये तयार होतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त झालेले तेल वापरू नये असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ते मोजायचे यंत्र आपल्याजवळ नसते. तेल काळपट आणि चिकट झाले असेल, फेस धरत असेल, लगेच धूर सोडत असेल, तर पुढच्या गाडीवर जावे.

उपासाचा साबुदाणावडा, बटाट्याचा चिवडा यांना उपास म्हणणे हा देवाशी केलेला व्यवहार आहे, प्रकृतीशी नव्हे. भाजक्या पोह्यांचा चिवडा, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे मी मनापासून सुचवतो. भडंग हा माझा दुबळा मुद्दा आहे. सांगली-जयसिंगपूरकडून कुणी आले की पुडा येतोच, आणि तो घरात कुठे ठेवलाय हे सौ. मला सांगत नाही. कमी तेलात, बेताच्या मिठात केला तर त्यात वाईट काही नाही. मिसळीत मटकी उत्तम, वरची तर्री आणि फरसाण बेताने. कोल्हापूरची की पुण्याची, यावर मी मत देणार नाही. मला याच गावात प्रॅक्टिस करायची आहे.

राहता राहिला कागद. आमच्या चौकातला भजीवाला वर्षानुवर्षे वर्तमानपत्रात भजी बांधून देई, आणि त्याला सिनेमाची पुरवणी विशेष आवडे. तेलाने कागद पारदर्शक झाला की नटीच्या गालावरची शाई भज्यावर उतरलेली मी पाहिली आहे. छपाईच्या शाईतली रसायने गरम तेलात सहज उतरतात. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये याबद्दल इशारा दिला, आणि २०१८ च्या नियमांत अन्न बांधायला वर्तमानपत्र वापरायला बंदीच घातली. तुम्ही आत्ता वाचत आहात तो कागदही त्यात आला. वाचून झाला की रद्दीत द्या, पोळ्यांच्या डब्यात घालू नका.

त्या मुलीचे हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी ११ झाले. परवा आली तेव्हा कुठल्या नटीचे लग्न ठरले ते मला सांगून गेली. कंडक्टरसाहेब रोज वजन वहीत लिहितात. भजीवाल्याला मी चार वेळा सांगितले, तेव्हा कुठे त्याने केळीची पाने आणि कोरा कागद आणला. गेल्या आठवड्यात भेटला तर कुरकुरत होता. गिऱ्हाईके म्हणतात, भजी तीच आहेत, पण आता खाताना वाचायला काही राहिले नाही.