गुरांमागून गेलेली शाळा

डहाणूजवळच्या कोसबाड टेकडीच्या परिसरातली वारली मुलं शाळेत का येत नाहीत, याचं कारण उघड होतं. घंटा व्हायच्या वेळेला मुलगे गुरं घेऊन रानात गेलेले असत आणि मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असे. आईबाप पोटामागे मोलमजुरीला. सात-आठ वर्षांचं पोर त्या घरात कामाचं माणूस होतं. त्याला शाळेत बसवलं तर गुरं कोणी राखायची, याचं उत्तर हजेरीपटात सापडणार नव्हतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी त्या प्रश्नाची बाजूच बदलली. मुलांनी गुरं सोडून यायचं नाही, शिक्षकानं गुरांमागे जायचं. पाटी, चित्रं, गाणी, गोष्टी सगळं बरोबर घ्यायचं आणि जिथं गुरं चरतील तिथं वर्ग भरवायचा. या शाळेला त्यांनी नाव दिलं कुरणशाळा.

प्राथमिक वयाच्या मुलांना उघड्यावर शिकवण्याचा विषय निघाला की हल्ली डोळ्यांसमोर येतात ती दोरीवर लोंबकळणारी, हेल्मेट घातलेली मुलं आणि शिबिराची पावती. मला मात्र कुरणशाळा आठवते, आणि ग्वाल्हेरच्या दाना ओलीत बसून तिच्याबद्दल लिहावंसं वाटतं, कारण तिथं ज्या विचारानं काम झालं तो विचार आमच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांतल्या शाळांनाही लागू पडतो.

ताराबाईंचा जन्म 1892चा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्या घडल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत पुढे राहिल्या. मॉन्टेसरींची पद्धत त्यांना मनापासून पटलेली होती. तिची साधनं मात्र महाग होती आणि शहरातल्या खात्यापित्या घरांपलीकडे पोचत नव्हती. ही खंत त्यांना खेड्याकडे घेऊन गेली. 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी या भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. म्हणजे ज्या माणसांच्या मुलांसाठी हे केंद्र होतं, ती माणसं स्वतःच्या अंगावरचं ओझं नुकतं कुठं झुगारू लागली होती. हा संदर्भ सोडून कुरणशाळेकडे पाहिलं तर ती नुसती गोड कल्पना वाटते. ती गोड कल्पना नव्हती, गरज होती.

अनुताई बोर्डीला आल्या तेव्हा पस्तिशीच्या होत्या. 1910 साली मोरगावला जन्म, तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, आणि मग जिद्दीनं घेतलेलं शिक्षण. पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून त्या आल्या आणि 1992 मध्ये मृत्यू येईपर्यंत या कामातून बाजूला झाल्या नाहीत. पुढे 1956-57च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथं खऱ्या अर्थानं प्रयोगाला रान मिळालं.

आधी अंगण आलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात न्यायची. मुलांना तिथंच आंघोळ घालायची, नखं कापायची, गाणी म्हणायची, खेळायचं. 1975 मध्ये देशभर सुरू झालेल्या अंगणवाड्यांचं नातं या अंगणाशी सांगितलं जातं, ते योग्यच आहे. मग विकासवाडी आली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ही रचना मला फार शहाणी वाटते. धाकट्याला पाळणाघरात ठेवलं की थोरल्या बहिणीची कड मोकळी होते आणि ती शेजारच्या वर्गात जाऊन बसते. मुलींच्या गळतीवर पुढे कितीतरी अहवाल लिहिले गेले. इथं एका पाळण्यानं अडचणीच्या मुळावर बोट ठेवलं. तरीही गुराखी मुलगे उरलेच होते. त्यांच्यासाठी कुरणशाळा.

कुरणावर शिकवायचं म्हणजे शिक्षकाचा कस लागतो. फळा नाही, भिंत नाही, आणि मधेच एखादी गाय दुसऱ्याच्या शेताकडे वळली की अर्धा वर्ग उठून पळणार. तासांचं वेळापत्रक तिथं टिकत नाही. पण जे टिकतं ते पक्कं असतं. गुरं मोजून नेणाऱ्या आणि मोजून आणणाऱ्या मुलाला बेरीज-वजाबाकीचं कारण समजावून सांगावं लागत नाही. बिया, खडे, पानं ही मोजायची साधनं पायाशीच पडलेली. झाडांची, पाखरांची, गवताची ओळख तर या मुलांना शिक्षकापेक्षा जास्त. तिथं शिक्षकाला ऐकावं लागतं आणि मुलाला पहिल्यांदा कळतं की आपल्याला जे येतं त्यालाही ज्ञान म्हणतात. वारली मुलाच्या बाबतीत या एका गोष्टीचं मोल फार मोठं होतं.

जगातही अशी पावलं पडत होती. रवींद्रनाथांनी 1901 मध्ये शांतिनिकेतनात झाडांखाली वर्ग भरवले. लंडनच्या डेप्टफर्डमध्ये मॅकमिलन भगिनींनी 1914 मध्ये गरीब वस्तीतल्या लहान मुलांसाठी मोकळ्या हवेतली बालशाळा काढली. कोंदट घरांतली मुलं आजारी पडत होती, म्हणून. 1950च्या दशकात डेन्मार्कमध्ये लहानग्यांना रोज रानात नेणाऱ्या शाळा रुजल्या. युरोपातल्या या शाळा मुलांना निसर्गाकडे नेत होत्या. कोसबाडची मुलं निसर्गातच होती, त्यांच्याकडे शाळा न्यायची होती. दिशा उलट, पण दोन्हींकडे एक गोष्ट सारखी: मूल जिथं आणि जसं जगतं ते आधी पाहिलं गेलं, मग शाळा आखली गेली.

आजच्या आपल्या धोरणांत हे पाहणं कमी पडतं. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दहा दप्तरमुक्त दिवसांची सोय आहे, ती सहावी ते आठवीच्या मुलांसाठी. महाराष्ट्रात प्राथमिक वर्गांना ‘परिसर अभ्यास’ नावाचा चांगला विषय आहे, पुस्तकात क्षेत्रभेटीही सुचवलेल्या असतात. पण परिसराचा अभ्यास बाकावर बसून, प्रश्नोत्तरं पाठ करून होतो आणि क्षेत्रभेटीची जागा वर्षाकाठची एक सहल घेते. सहल वाईट नाही. मुलांना ती हवीच असते. तिला शिक्षण म्हणायची घाई करू नये, एवढंच. शिकणं घडतं ते एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्यावर, तीच जागा पावसात, थंडीत आणि उन्हात पाहिल्यावर.

आता आमच्या गावाकडे येतो. दाना ओलीतल्या मुलाला गुरं राखायची नाहीत. त्याची अडचण वेगळी आहे. अरुंद गल्ली, सराफ्याची गर्दी, दुचाक्यांचे भोंगे, शाळा, शिकवणी आणि घर. ग्वाल्हेरचा किल्ला त्याला गच्चीवरून दिसतो, पण किल्ल्यावर जायचं ते पाहुणे आले की. आणि या किल्ल्यावर प्राथमिक शाळेच्या गणिताचा असा एक धडा आहे, जो जगात क्वचितच दुसरीकडे मिळेल.

पूर्वेच्या चढावर, हत्ती पोळाच्या अलीकडे, एकाच खडकात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर आहे. त्याच्या आतल्या भिंतीवर इसवी सन 876चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी 270 हात लांब आणि 187 हात रुंद जमीन दिल्याचं त्यात लिहिलं आहे आणि देवाला रोज 50 माळा द्यायची तजवीजही आहे. 270 आणि 50 मधली शून्यं लहानशा गोलांनी कोरली आहेत. काळाची निश्चित नोंद असलेल्या, भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव शून्यांत त्यांची गणना होते. जगभरचे गणितज्ञ ती पाहायला येतात.

तिसरी-चौथीचा वर्ग तिथं नेला तर काय काय करता येईल, पाहा. आधी शून्य शोधू द्यावं, दाखवू नये. मग किल्ल्यावरच्या एखाद्या सुरक्षित, सपाट जागी मुलांनी स्वतःच्या हातानं, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, दहा हात लांबी मोजावी. प्रत्येकाची लांबी वेगळी येईल. इथं भांडण होईल आणि ते होऊ द्यावं, कारण सगळ्यांसाठी एकच माप का लागतं हे त्या भांडणातून मुलांना स्वतःच कळेल. मग मीटरपट्टी काढावी. 270 हात म्हणजे आपल्या शाळेचं मैदान किती वेळा? एका माळेला चाळीस फुलं धरली तर रोज किती फुलं लागतील? एवढ्या बागेला पाणी कुठून येत असेल? शेवटच्या प्रश्नावरून किल्ल्यावरच्या तलावांकडे जाता येतं, तिथून सांक नदीवरच्या तिघरा धरणाकडे, म्हणजे घरातल्या नळाकडे, आणि पुढच्या खेपेला लष्करमधून वाहणाऱ्या स्वर्णरेखेकडे. तिची आजची अवस्था मुलांनी पाहायलाच हवी.

याला मोठा खर्च नाही. दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, प्रथमोपचाराची पेटी, पालकांची लेखी संमती, आणि आदल्या दिवशी शिक्षकानं स्वतः तो चढ चढून केलेली पाहणी. तटाच्या कडेला मुलं जाणार नाहीत, ही जबाबदारी ठरवून एका व्यक्तीकडे द्यावी. आमच्याकडचा उन्हाळा मुलांना सोसणारा नाही. दसऱ्यानंतर होळीपर्यंतचे महिने योग्य. सकाळी लवकर निघावं, डबा वर खावा, दुपारच्या आत खाली यावं. मुलांच्या आजी-आजोबांना बरोबर घ्यावं. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या वडीलधाऱ्यांना या किल्ल्याचं आणि जुन्या लष्करचं जे ठाऊक आहे ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.

दाना ओली आणि आसपासच्या शाळांमधल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: येत्या हिवाळ्यात एकच वर्ग निवडा, त्याला चतुर्भुज मंदिरापाशी तीनदा न्या, आणि दर खेपेला मुलांनी काय विचारलं ते एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षीचा अभ्यासक्रम त्या वहीतून आखा.