फारकतीचा स्टॅम्प आणि मध्यस्थीचे टेबल

अठरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चिखली तालुक्यातील एका गावच्या विहारात बैठक बसली होती. नवरा-बायकोचे पटत नव्हते. मुलीचे वडील, मुलाचे काका, गावातील चार जाणती माणसे आणि बाहेरून बोलावलेले आम्ही, असे सारे सतरंजीवर बसलो. मुलगी शेजारच्या घरात होती. तिला बोलवावे असे कोणाच्या मनातही आले नाही. दोन तासांत निकाल लागला. शंभराच्या स्टॅम्पवर फारकत लिहिली गेली. लग्नातील भांडी परत, थोडी रोख रक्कम, 'यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहणार नाही' हे वाक्य आणि खाली पंचांच्या सह्या. त्यातली एक सही आमची होती. कोर्टकचेरी टळली म्हणून समाधानाने चहा घेऊन आम्ही घरी परतलो.

पुढे त्या मुलाने दुसरे लग्न केले. सरकारी खात्यात नोकरी होती, दोन मुले झाली आणि एके दिवशी तो अचानक वारला. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दुसरी बायको कार्यालयात गेली, तेव्हा साहेबांनी घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम मागितला. तिच्याकडे होता तो आमच्या सहीचा स्टॅम्प! त्या दिवशी कळले की जिने संसार केला ती कायद्याने कोणीच नाही, आणि जी माहेरी मजुरी करून जगली, जिला एक पैसा पोटगी मिळाली नाही, ती कायद्याने विधवा. मुलांचा हक्क तेवढा कायदा मानतो. दोन बायांचे आयुष्य आम्ही एका सहीने अडकवून ठेवले होते.

ही कबुली अशासाठी की आपल्या समाजात अजूनही फारकत अशीच होते. हिंदू विवाह कायदा 1955 हा बौद्धांनाही लागू आहे, आणि त्याप्रमाणे न्यायालयाच्या हुकुमाशिवाय लग्न मोडत नाही. रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला कलम 29 मध्ये जागा आहे, असे काही वकील सांगतात. आहे, पण ती रूढी जुनी आणि अखंड चालत आलेली असल्याचे पुराव्याने सिद्ध करावे लागते. आता आम्ही विचारतो, 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला ज्या रूढी आपण टाकून दिल्या, त्यांचाच दाखला फारकतीपुरता कोर्टात कोणत्या तोंडाने द्यायचा?

काडीमोड आपल्याकडे पूर्वीपासून होती हे खरे. उच्चवर्णीय स्त्रीला मरेपर्यंत सुटका नव्हती तेव्हा आपल्या बाया दुसरे घर करू शकत होत्या. पण ती मोकळीक पंचांच्या हातात होती, बाईच्या हातात नव्हती. बाईला दोष देणाऱ्या पुरुषांना याच बुलढाण्यातून ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून जाब विचारला, आणि जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मुंबई प्रांताने 1947 साली घटस्फोटाचा कायदा केला, पण बुलढाणा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, म्हणून इथल्या बाईला तो नव्हता. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपदावर लाथ मारली, आणि त्या बिलातला घटस्फोटाचा हक्क 1955 साली कायद्यात आला. तो हक्क आपण विहारातल्या सतरंजीवर परत पंचांच्या स्वाधीन करतो.

मग कोर्टात दहा वर्षे भांडायचे का? नाही. समझोता वाईट नाही, समझोता कोण घडवतो आणि कसा, हा प्रश्न आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 89 सध्याच्या रूपात 2002 पासून लागू आहे. त्याखाली न्यायालय प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकते. 2013 साली के. श्रीनिवास राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोचे वाद आधी मध्यस्थीकडे न्यावेत असे सांगितले, आणि 2023 साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाच झाला.

हा मध्यस्थ पंच नव्हे आणि लवादही नव्हे. तो निकाल देत नाही, कोण चूक ते ठरवत नाही. दोघांना एकत्र बसवतो, मग एकेकाशी वेगळे बोलतो. तिथे बोललेले कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. गावच्या बैठकीतले बोलणे मात्र संध्याकाळपर्यंत पानटपरीवर पोहोचते! समझोता झाला तर स्त्रीधन, पोटगी, मुले कोणाकडे राहतील, दुसऱ्याने त्यांना कधी भेटायचे, एकमेकांवरच्या केसेसचे काय, हे सारे लेखी होते आणि न्यायालयापुढे जाते. परस्पर संमतीच्या अर्जानंतरचा सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणात माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली ठरवले आहे. आणि हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, हेही बाईने लक्षात ठेवावे.

मध्यस्थ निवडताना आपली माणसे 'ओळखीचा आहे का' एवढेच विचारतात. ओळखीचा नसलेलाच बरा. तो न्यायालयाच्या यादीवर आहे का, त्याने चाळीस तासांचे प्रशिक्षण घेतले आहे का, कोणत्याही बाजूचा नातेवाईक किंवा वकील आहे का, हे विचारावे. पटला नाही तर दुसरा मागावा. गावची तंटामुक्त समिती 2007 पासून आली, तिने काही भांडणे मिटवलीही असतील. पण गावगाड्याबद्दल बाबासाहेब 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत काय बोलले ते ज्याने वाचले आहे, तो आपल्या लेकीचे लग्न तिथे मोडायला देणार नाही.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. जिथे मारहाण आहे, जिथे बाई नवऱ्यासमोर तोंड उघडू शकत नाही, तिथे मध्यस्थीची घाई करू नये. युरोपातील देशांनी 2011 च्या इस्तंबूल करारात अशा प्रकरणी सक्तीच्या मध्यस्थीला मनाई केली, ती उगाच नाही. तिथे आधी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण, मग बाकीचे.

पैशाची सबब सांगितली जाते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला आणि अनुसूचित जातीच्या कोणत्याही व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, म्हणजे आपल्याकडे नवरा आणि बायको दोघांनाही हा हक्क आहे. बुलढाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समित्या आहेत, फोन 15100.

अलीकडे पुन्हा एका बैठकीचे निमंत्रण आले. आम्ही गेलो. स्टॅम्प आधीच विकत आणून ठेवला होता. तो आम्ही बाजूला ठेवला आणि म्हटले, "आधी मुलीला बोलवा." ती आली, पदर सावरून दारातच उभी राहिली. तिला विचारले, "ताई, तुला काय पाहिजे?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ती म्हणाली, "पोरगी मला पाहिजे. आणि जे ठरंल ते कोर्टात लिहून पाहिजे." पुढच्या सोमवारी आम्ही तिला घेऊन बुलढाण्याला गेलो.